तू ‘खावाले नई’ म्हणाली होतीस

जातरी, हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. आधी नोकरी होती म्हणून टाळलं. मग पेन्शन सुरू व्हायची होती म्हणून. आणि नंतर टाळायला काही कारण उरलं नाही, तेव्हा नुसतं सवयीनं टाळलं.

परवा खापरहून आलेला एक गाडीवान रनाळ्याला आमच्या ओसरीच्या पायरीवर पाणी प्यायला टेकला. पिता पिता म्हणाला, “भाऊ, तुमना दवाखानानी ती दाई गयी. जातरी.” तांब्या खाली ठेवला आणि कापसाच्या भावाचं बोलायला लागला. मी विचारलं, “कधी?” तो म्हणाला, “व्हयनात आठ-धा दिन.” म्हणजे आठ-दहा दिवस तू नव्हतीस, आणि मी रोज जेवत होतो, अंगणातल्या पोरांवर ओरडत होतो, बैलाच्या खुराची काळजी करत होतो. कुठं काही हललं नाही.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मी त्या वाटेवर असतो. दवाखान्यामागून डोंगरात चढणारी आपली वाट. धुकं असतं, सागाची ओली पानं असतात आणि तू पुढं असतेस. डोक्यावर दवाखान्याची पेटी, हातात काठी. मी दौत, टाक आणि कागदांची गुंडाळी घेऊन मागं. तू वळत नाहीस. बोलतेस मात्र सारखी, पुढं बघूनच, आणि तुझं बोलणं धुक्यातून माझ्यापर्यंत जरा उशिरा पोचतं. मी पाय उचलतो, अंतर तेवढंच राहतं. जाग येते तेव्हा ओसरीवर ऊन आलेलं असतं आणि तू अर्ध्यात सोडलेलं वाक्य माझ्याजवळ असतं.

हा कागद उद्या कोणी तिऱ्हाईत वाचील, म्हणून आपण दोघं कोण होतो ते सांगून टाकतो. तू डोंगरातल्या पाड्यावरची दाई. दवाखान्यात झाडलोट करायचीस, बायकांना आत आणायचीस, धरायचीस, समजवायचीस. मी तिथला कारकून, सपाटीवरचा, रनाळ्याचा. डॉक्टरसाहेब घाटावरचे, त्यांना पुस्तकी मराठीखेरीज काही कळत नसे. डोंगरातली बाई तिच्या बोलीत बोलायची, तू ते माझ्यासाठी अहिराणीत करायचीस, मी साहेबांसाठी मराठीत. एका आईचं दुखणं साहेबांच्या कानापर्यंत जायला दोन उंबरे ओलांडायचं. पहिला उंबरा तू होतीस आणि दुसरा मी.

सारा पाडा तुला याहा म्हणायचा. याहा म्हणजे आई. तुझ्याहून थोरल्या बायाही म्हणायच्या. मला त्याचं आधी हसू यायचं.

आपलं पहिलं भांडण चिकावरून झालं, आठवतं? बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध तू पिळून टाकायला लावायचीस आणि तीन दिवस बाळाला गुळाचं पाणी. साहेब मला म्हणाले, तिला सांगा, तेच दूध पाजायचं. मी मोठ्या तोऱ्यात येऊन तुला सांगितलं. तू झाडू खाली ठेवलास.

“भाऊ, तुन्हा जनमले तुन्ही मायनी काय दिधं तुले?”

“माले काय माहीत?”

“मंग इचारी ये. आनि मंग माले शिकाड.”

मी घरी जाऊन खरंच विचारलं. आई म्हणाली, तीन दिवस गुळाचं पाणी. रनाळ्यातही तेच! मी तोंड पाडून परत आलो, तर तू माझ्या तोंडाकडे बघूनच हसायला लागलीस. त्यानंतर वर्षभर तू त्या विषयावर बोलली नाहीस. आणि मग एका पावसाळ्यात एका पोरीची सुटका झाल्यावर मी बाहेर ओट्यावर बसलो असताना आतून तुझा आवाज ऐकला. तू तिला त्यांच्या बोलीत दटावत होतीस आणि बाळ चुटूचुटू पीत होतं. तू बाहेर आलीस, मला पाहिलंस आणि म्हणालीस, “काय देखस? चुकी गयतू. आते नई चुकनार.” एवढंच. चुकल्याचं तू चार शब्दांत सांगून टाकलंस आणि हात धुवायला गेलीस.

आता ती गोष्ट.

मानमोडीच्या तापानं गावं रिकामी केली, त्याच्या पुढच्या वर्षीचा भादवा. धुळ्याहून कागद आला. डोंगरातली लहान मुलं का खंगतात, गावोगाव जाऊन कारण लिहून पाठवावं. खाली एक ओळ होती: जिथं अन्नाची टंचाई हेच कारण निघेल, तिथं धान्य पाठवण्याचा विचार होईल. ती ओळ मी तुला वाचून दाखवली. मीच दाखवली, जातरी, हे मला विसरता येत नाही. तू दोनदा वाचायला लावलीस. मग दवाखान्याचं काम टाकून तीन दिवस पाडे पालथे घातलेस. बायांना सांगितलंस, लाजू नका, घरात काय आहे नि काय नाही ते खरं सांगा, वर दाणा येणार आहे, माझ्या शब्दावर या.

त्या आल्या. एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली साहेबांची खुर्ची मांडली होती. मी शेजारी पेटीवर कागद ठेवून बसलो होतो. पाऊस नव्हता, पण हवा अशी ओली की शाई कागदावर पसरत होती. झाडाभोवती बाया बसल्या होत्या आणि एवढी पोरं असून आवाज नव्हता. मला ते आता दुपारच्या झोपेत दिसतं तेव्हा कळतं. तिथं एकही पोरगं खेळत नव्हतं.

मोगी पहिली पुढं आली. कडेवर तिचा दित्या. दोन वर्षांचा होता म्हणे. पाय काड्यांसारखे लोंबलेले, पोट पुढं आलेलं, केस तांबूस आणि विरळ. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या दौतीकडे बघत होता. त्याला ते काही खायचं वाटलं असावं.

मोगी बोलली. रडली नाही. कुणाला वाट सांगावी तशी बोलली, हळू, बराच वेळ. तू मान हलवत ऐकलंस आणि मग मला सांगितलंस. हिवाळ्यात ती कापूस वेचायला खाली गेली होती, दित्याला घेऊन. तेव्हा तो अंगावर पीत होता. दिवसभर तो बांधावर आणि ती वावरात. पाजायला बसली की बोलणी. स्वतः एका वेळेला खायची, दूध आटत गेलं. मग पोटात दुसरं राहिलं आणि उरलंसुरलं तेही गेलं. पावसाळ्यात कंद खणायला रानात जावं तर जंगलखात्याचे शिपाई नाक्यावर टोपली ठेवून घेतात. घरातली कणगी श्रावणातच खरवडून झाली. नवा दाणा अजून शेतात हिरवा.

मी म्हणालो, “जातरी, एवढं नको. कारणना रकाना एकच शे. एक कारण सांग.”

“एकच ऱ्हातं ते मी तुन्हा दारले कसाले येती?” तू म्हणालीस. मग मला सोपं पडावं म्हणून सगळं एका ओळीत आणलंस. “लिख. पोऱ्याले भूक शे, खावाले नई.”

खायला नाही. दोन शब्द. माझ्या आईच्या भाषेतले, माझ्या घरातले. ते मला समजले नाहीत असं होणं शक्यच नव्हतं.

साहेबांनी विचारलं, “काय म्हणते ती एवढं?”

मी म्हणालो, “मूल खात नाही म्हणते, साहेब.”

“खात नाही? भूकच लागत नाही?”

“होय.”

“मग अग्निमांद्य लिहा.”

मी लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं. दुसरी बाई आली, तिचंही तू तेच सांगितलंस, आणि मी खाली ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. मग तिसरीचं. रकाना खालपर्यंत ‘वरीलप्रमाणे’नं भरला. तू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतीस. तुला वाचता येत नव्हतं. तू खूश होतीस. मोगीला म्हणालीस, “देख, कितलं लिखस भाऊ!” तुला वाटलं, मी कापूस, रान, कणगी, सगळं सगळं लिहितोय.

का केलं? वीस-पंचवीस वर्षं मी स्वतःला वेगवेगळं उत्तर देत आलो. त्या आठवड्यात तालुक्याच्या कचेरीतला एक वडीलधारा कारकून मला पान देता देता म्हणाला होता, “जपून लिहा हं. आणेवारी दहा आणे गेलीय वर.” म्हणजे पीक चांगलं असल्याचा आकडा सरकारात पोचला होता. आता दवाखान्याचा एक कारकून खायला नाही असं लिहून पाठवतो, तर आकडा कुणी खोटा दिला, ही विचारणा व्हायची. आणि मी त्या वर्षी नोकरीत कायम होणार होतो. कुणी मला दम दिला नाही, जातरी. कुणी हुकूम केला नाही. नुसतं ‘जपून’ म्हटलं आणि तेवढं पुरलं.

आणखी एक आहे, ते मी स्वतःलासुद्धा फार उशिरा सांगितलं. तू मोगीचं सांगत असताना ‘रनाळाना वावरम्हा’ म्हणाली होतीस. ते वावर कुणाचं, हे मला तिथंच कळलं होतं. त्या हिवाळ्यात घरी गेलो होतो तेव्हा वहिनी तणतणत होती, “त्या डोंगरन्या बाया! घडीघडी पोरगं पाजत बसतीस, कापूस काय मी येचू?” मी गरम भाकरी खात ते ऐकलं होतं आणि हसलो होतो. कारणाच्या रकान्यात खरं लिहायचं तर आमच्या घराचा बांध लिहावा लागला असता.

आश्विन लागता लागता वर दाणा नाही गेला, बाटल्या गेल्या. काडेचिराईताचा कडू काढा, भूक लागण्यासाठी. त्या तुझ्याच डोक्यावरच्या पेटीतून गेल्या. तूच वाटल्यास. काय आहे ते तुला ठाऊक नव्हतं. दाण्याच्या आधी औषध आलं असेल, असं तू धरून चाललीस. मोगीनं बूच काढून वास घेतला आणि विचारलं, हे कशाचं? मी सांगितलं, आणि तू ते तिच्या बोलीत सांगता सांगता मध्येच थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस. मग पुरं केलंस.

मोगी हसली. मोठ्यानं. ती मला कळावं म्हणून मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, “भूक लागाना दवा? ओ भाऊ, आमले भूक मराना दवा दे ना! ती शे का तुन्हा पेटीम्हा?” सगळ्या बाया हसल्या. त्या हसण्याला मी अजून घाबरतो.

मग पुरुष जमले. एक म्हातारा तुला म्हणाला, तूच साहेबाला सांगितलंस, आमची पोरं खात नाहीत म्हणून. आमचं बोलणं तू बदललंस. तुझ्या शब्दावर बाया आल्या होत्या. तू उभी होतीस. मी तुझ्यापासून चार हातांवर, बाटल्यांची पेटी पायाशी घेऊन. तू एक बोट माझ्याकडे केलं असतंस तरी पुरलं असतं. तू म्हणालीस, “मी सांगं ते सांगं.” सांगितलं ते सांगितलं. आणि पेटी उचललीस.

दित्या त्याच पंधरवड्यात गेला. शेतातला दाणा भरत आला होता. मृत्यूच्या नोंदीत कारण मीच लिहिलं, आणि काय लिहिलं ते तुला मी कधी सांगितलं नाही. आता सांगतो. तोच शब्द लिहिला. एकदा वर गेलेला कागद आणि खालची नोंद यांत फरक पडायला नको, म्हणून.

बाटल्या वाटून उतरताना त्या वाटेवर मी तुला गाठलं. स्वप्नात गाठता येत नाही, पण त्या दिवशी गाठलं होतं. म्हणालो, “जातरी, माले ऐकू नई उनं नीट. चुकी व्हयनी.”

तू थांबलीस. माझ्याकडे असं पाहिलंस की मला पानांवरून गळणारं पाणीसुद्धा ऐकू यायला लागलं. मग म्हणालीस, “व्हस, व्हस. ऐकू नई उनं.”

“मंग तू मन्हं नाव का नई लिधं?”

“तुले काढी टाकतीन. मंग दवाखानाम्हा आमनं बोलनं कोनले समजी?”

मला वाटलं होतं, तू दया केलीस. दया नव्हती ती. तू हिशोबी होतीस. ज्या माणसानं तुझं बोलणं बुडवलं, तोच एक माणूस तुझं बोलणं समजणारा होता, आणि उद्या आणखी कुणाची मोगी आणखी कुणाचा दित्या घेऊन दारात येणार होती. म्हणून मला राखलंस आणि स्वतःला सोडून दिलंस.

शिक्षा मात्र तू मला दिलीस, आणि ती फक्त आपल्या दोघांना ठाऊक होती. त्या दिवसापासून तू माझ्याशी ओरडून बोलायला लागलीस. सगळं दोनदा. “भाऊ, हिन्हं पोट दुखस! पो-ट! भाऊले ऐकू कमी येस, बाई!” दवाखाना हसायचा. साहेब बदलून गेले, दुसरे आले, तिसरे आले. प्रत्येकाला तू आल्या आल्या सांगितलंस की कारकून बहिरा आहे. एकानं तर माझ्या कानात पिचकारी मारून मळ काढवला, तेव्हा तू दाराआड तोंडाला पदर लावून हसत होतीस. मी चिडायचो. आणि खरं सांगू, आतून बरं वाटायचं. तू रोज माझ्यावर ओरडत होतीस म्हणजे रोज बोलत होतीस. त्यानंतर मी तुझा एक शब्दही गाळला नाही. जे सांगितलंस ते लिहिलं, लांबलचक लिहिलं, रकान्याबाहेर लिहिलं, दोनदा त्यासाठी बोलणीही खाल्ली. पण ज्या कागदावर दाणा येणार होता तो एकच होता.

पाड्यावर तुला याहा म्हणणं थांबलं. साहेबनी म्हणायला लागले, म्हणजे साहेबाच्या बाजूची. बायका बाळंत व्हायच्या आणि तुला बोलावणं यायचं नाही. चीक टाकू नका हे तुला कळलं होतं, तुझ्या हातात होतं, आणि तुझ्या हातात बाळच कुणी देत नव्हतं. पहाटे दवाखान्यालगतच्या कुठल्या तरी झोपडीतून नव्या बाळाचं रडणं आलं की तू दवाखान्याचं अंगण झाडता झाडता थांबायचीस. मी ते खिडकीतून पाहिलंय. मी आत लेखणी घेऊन बसलेला असायचो. उठून तुझ्या पाड्यावर जायला दीड कोस वाट होती. दीड कोस, जातरी. आणि मी बदली होईपर्यंत तिथं अकरा वर्षं होतो.

पुढं हळूहळू बोलवायला लागले म्हणे. नव्या पोरी होत्या, त्यांना जुनं माहीत नव्हतं. पण याहा पुन्हा कुणी म्हणालं का? हे तुला विचारायचं राहिलं.

गेल्या पौषात मी आलो होतो ते याच कामाला. तुला वाटलं, म्हातारा सहज भेटायला आलाय. खापरपर्यंत गाडीनं आणि पुढं पायी, तीनदा बसत बसत. येताना वाटभर वाक्यं जुळवत होतो. ऊन कोवळं होतं, गवत पिवळं पडलेलं, आणि मला सारखं वाटत होतं की मी चालत नाही, ती वाटच मला हळूहळू वर ओढून नेतेय. तू दारात बसली होतीस. केस पांढरे, डोळे तेच. ओळखलंस आणि पहिलं वाक्य ओरडूनच, “उना का रे बहिरा!”

आता मला खरंच कमी ऐकू येतं. तुला सांगितलं तर तू मांडीवर हात मारून हसलीस.

माणसं जमली. कारकून आला म्हणून बघायला पाच-सात म्हातारी मंडळी आली, त्यांत मोगीही आली. मला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. ज्यांच्यापुढं सांगायचं ती सगळी तिथं होती. मी घसा खाकरला. तू आतून मातीच्या ताटलीत भाकर, उडदाची डाळ आणि वर भाजलेली मिरची घेऊन आलीस. “खाय भाऊ. मंग बोल.”

मी खाल्लं. मोगी तुला तुमच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि दोघी हसलात. मी विचारलं, काय म्हणते? तू माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं सांगितलंस, “मोगी सांगस, भाऊ चांगला खास!”

तिनं टोमणा मारला नव्हता. पाहुणा पोटभर जेवतोय याचं तिला बरं वाटलं होतं. माझा घास तिथंच अडला, आणि घासाबरोबर बाकीचंही. हात धुतले. तू विचारलंस, “काय सांगानं व्हतं?” मी म्हणालो, “काही नई. सहज उनू.” मग टेकडीच्या वळणापर्यंत पोचवायला आलीस, आणि या वेळी तू मागं होतीस. मी वळलो नाही.

मोगीकडे मी जाणार आहे, पाय चालले तर. तिची माफी तिच्या दारात जाऊन मागायची आहे, ती कागदावर मागून मी सुटणार नाही. हा कागद तुझ्यापुरता. पौषात त्या माणसांपुढं, उभं राहून, तू माझ्याशी बोलायचीस तेवढ्या मोठ्यानं मला जे म्हणायचं होतं, ते हे होतं:

जातरी, तू खरं सांगं व्हतं. माले ऐकू उनं व्हतं, सगळं ऐकू उनं व्हतं. मी खोटं लिखं. पाडानी तुले जो बोल लावा, तो मन्हा व्हता. माले माफ कर, याहा.